गायरानापासून कुंपणापर्यंत : एका गोल्फ-क्लबाच्या इतिहासाची मीमांसा

१

संस्थांच्या इतिहासलेखनात क्लबांची चरित्रे हा एक स्वतंत्र प्रकार मानावा लागेल. ब्रिटनमध्ये अशी ग्रंथरचना विपुल झालेली आहे. ती बहुधा एखाद्या शताब्दीच्या निमित्ताने होते. लेखक पुष्कळदा सभासदांपैकीच असतो. आणि त्याचे मुख्य साधन म्हणजे क्लबाच्या सभांची इतिवृत्ते. साधन, लेखक आणि वाचक हे तिघेही एकाच उंबरठ्याच्या आत असल्यामुळे या चरित्रांना एक ठरावीक घाट आला आहे. प्रारंभी प्राचीनत्वाचा दाखला, नंतर कप्तानांची परंपरा, मग जागांची स्थित्यंतरे, आणि अखेरीस मोठ्या स्पर्धांची व त्यांतील विजेत्यांची नामावळी. हा घाट वाचनीय आहे. परंतु इतिहास म्हणून तो कितपत पुरेसा आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

ज्या खासगी क्लबांच्या मैदानावर सार्वजनिक स्वरूपाच्या अजिंक्यपद स्पर्धा भरतात, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष निकडीचा होतो. अशा क्लबाला दोन आयुष्ये असतात. एक सभासदांपुरते मर्यादित, निवडीच्या हक्कावर उभे असलेले. दुसरे हजारो प्रेक्षकांचे, वृत्तपत्रांचे आणि क्रीडाजगताच्या स्मृतीचे. चरित्रकार या दोन आयुष्यांची सांगड घालताना सामान्यतः दोन गोष्टी गृहीत धरतात. क्लबाचे खासगीपण हे त्याच्या जन्मापासूनचे आहे, हे पहिले गृहीत. आणि अजिंक्यपद स्पर्धा ही क्लबाने बाहेरच्या जगाला दिलेली देणगी आहे, हे दुसरे. ‘ऑनरेबल कंपनी ऑफ एडिंबरो गोल्फर्स’ या स्कॉटिश क्लबाचा इतिहास ही दोन्ही गृहीते तपासून पाहण्यास फार सोयीचा आहे. या क्लबाची उपलब्ध कागदपत्रे १७४४ पर्यंत मागे जातात. त्याने दीडशे वर्षांच्या आत तीन जागा पाहिल्या. आणि आज ज्या म्यूरफील्ड मैदानामुळे तो ओळखला जातो, तेथे १८९२ ते २०१३ या काळात ब्रिटनची खुली अजिंक्यपद स्पर्धा सोळा वेळा भरली.

२

या क्लबाच्या इतिहासाचा आरंभ सर्वत्र १७४४ च्या चांदीच्या गोल्फकाठीपासून केला जातो, आणि ते योग्यच आहे. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात एडिंबरोच्या नगरसभेने, गोल्फ खेळणाऱ्या काही सद्गृहस्थांच्या विनंतीवरून, वार्षिक चढाओढीसाठी चांदीची एक काठी देऊ केली. पुढच्याच महिन्यात लीथच्या मैदानावर स्पर्धा झाली आणि जॉन रॅट्रे नावाचा शल्यवैद्य ती जिंकून ‘गोल्फचा कप्तान’ झाला. याच रॅट्रेने पुढे प्रिन्स चार्ल्सच्या फौजेबरोबर वैद्य म्हणून काम केले. १७४६ मध्ये कलोडनच्या पराभवानंतर तो पकडला गेला, आणि न्यायसभेचा अध्यक्ष डंकन फोर्ब्स याच्या मध्यस्थीने सुटला. फोर्ब्स हा राजनिष्ठ पक्षाचा खंदा पुरस्कर्ता. पण लीथच्या मैदानावर तो रॅट्रेचा सहखेळाडू होता. क्लबांच्या चरित्रांतून ही हकीकत मैत्रीचा आदर्श म्हणून सांगितली जाते.

तथापि नगरसभेच्या मूळ ठरावातील अटींकडे जितके लक्ष जावयास हवे तितके जात नाही. ग्रेट ब्रिटन अथवा आयर्लंड यांच्या कोणत्याही भागातील खेळाडूने ठरलेले शुल्क भरून नाव नोंदवावे व स्पर्धेत उतरावे, अशी मुभा त्या ठरावात होती. स्पर्धेची वर्दी शहरात ढोल वाजवून द्यावयाची होती. आणि ती काठी कायम नगराच्याच मालकीची राहील, असेही त्यात स्पष्ट केलेले होते. म्हणजे बक्षीस नगराचे, मैदान नगराचे, दवंडी नगराची आणि प्रवेश सर्वांना. शुल्क परवडणारे लोक थोडे असतील, आणि ‘सर्वांना’ या शब्दाची व्याप्ती त्या काळी प्रतिष्ठित पुरुषांपलीकडे फारशी जात नसेल, हे मान्य केले तरी, ज्याला आज क्लब म्हणतात तसे बंदिस्त मंडळ या ठरावात कोठेच दिसत नाही. ते वीस वर्षांनी दिसू लागते. १७६४ मध्ये खेळाडूंनी नगरसभेकडे अर्ज करून, आपण मान्य करू त्यांनाच स्पर्धेत प्रवेश असावा, अशी परवानगी मिळविली. या क्लबाच्या इतिहासातील खरा संधिबिंदू शोधावयाचा तर तो १७४४ पेक्षा १७६४ मध्ये शोधावा लागेल. पहिल्या साली एक स्पर्धा जन्मास आली. दुसऱ्या साली त्या स्पर्धेभोवती एक मंडळ जन्मास आले.

याच निष्कर्षाला १७४४ ची नियमावली दुजोरा देते. पहिल्या स्पर्धेसाठी तयार केलेले तेरा नियम हे गोल्फचे आज ज्ञात असलेले सर्वांत जुने लिखित नियम होत. दहा वर्षांनी सेंट अँड्र्यूजच्या खेळाडूंनी ते जवळजवळ जसेच्या तसे स्वीकारले. या तेरा कलमांचे महत्त्व सहसा कायद्याच्या दृष्टीने सांगितले जाते. परंतु संहिता म्हणून ती वाचली तर त्यांतून एक सबंध मैदान डोळ्यांसमोर उभे राहते. एखादा माणूस, घोडा किंवा कुत्रा यांच्यामुळे चेंडू अडला तर तो जेथे थांबेल तेथूनच खेळावा, असे एक कलम सांगते. मैदानाच्या रक्षणासाठी खणलेले चर, शाळकरी मुलांची खळी आणि सैनिकांच्या ओळी या अडथळ्यांत धरू नयेत, असे शेवटचे कलम सांगते. नियम करणाऱ्यांना घोडा आणि कुत्रा यांची तरतूद करावी लागली, याचा अर्थ ते नित्य आडवे येत होते. शाळकरी मुले तेथे आपली खळी खणीत, सैनिक आपल्या खुणा ठेवीत. आपल्याकडील गायरानाशी जुळणारी अशी ती भूमी होती. तिच्यावर कोणा एकाचा हक्क नव्हता, आणि अमीर-उमरावांनाही शाळकरी पोरांच्या खळ्यांना वळसा घालूनच खेळावे लागे. नियमावलीचा कर्ता या इतरांना हाकलीत नाही. त्यांच्या अस्तित्वाशी जुळवून घेतो. गोल्फच्या पहिल्या लिखित कायद्यात सार्वजनिक जीवन असे मुरलेले आहे, ही गोष्ट क्लबाच्या खासगीपणाचे मूळ शोधणाऱ्याने दृष्टीआड करून चालणार नाही.

३

यानंतरचा इतिहास म्हणजे त्या सहवासातून हळूहळू बाहेर पडण्याचा इतिहास होय. १७६८ मध्ये लीथ येथे ‘गोल्फ-गृह’ बांधण्यास प्रारंभ झाला. खेळ उघड्यावर, पण भोजन आणि बैठक चार भिंतींत, अशी विभागणी येथून सुरू झाली. १८०० मध्ये एडिंबरोच्या अधिकाऱ्यांनी मंडळाला सनद देऊन त्यास कायदेशीर व्यक्तित्व दिले. पुढे आर्थिक ओढग्रस्त आली. १८३० नंतरच्या काही वर्षांत सभा थांबल्या, गोल्फ-गृह व त्यातील सामान विकले गेले. १८३६ मध्ये मंडळाने लीथ सोडून मसलबरो येथे नव्याने आपला कारभार सुरू केला.

मसलबरोचे मैदान नऊ खळ्यांचे, घोड्यांच्या शर्यतींच्या मार्गाने वेढलेले आणि पुन्हा सार्वजनिकच होते. इतर गोल्फ-मंडळेही तेथेच खेळत. याच मैदानावर १८११ च्या सुमारास मासळी विकणाऱ्या कोळिणींसाठी गोल्फची एक स्पर्धा ठरविण्यात आल्याची नोंद तेथील एका क्लबाच्या इतिवृत्तात आहे. स्त्रियांच्या गोल्फ-स्पर्धेचा तो सर्वांत जुना ज्ञात उल्लेख समजला जातो. ऑनरेबल कंपनीच्या आगमनापूर्वीची ही गोष्ट असली तरी ती ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कारण ज्या परंपरेचा हवाला पुढे दोनशे वर्षांनी दिला जाणार होता, ती परंपरा वाटते तितकी एकरंगी नव्हती, हे या एका नोंदीवरून कळते.

मसलबरोच्याच काळात या क्लबाचा खुल्या अजिंक्यपद स्पर्धेशी संबंध आला. १८६० मध्ये प्रेस्टविक येथे सुरू झालेली ही स्पर्धा १८७२ पासून प्रेस्टविक, सेंट अँड्र्यूज आणि ऑनरेबल कंपनी या तीन क्लबांनी मिळून चालविण्याचे ठरविले आणि तिघांनी वर्गणी काढून आज प्रसिद्ध असलेला चांदीचा चषक करविला. त्यानुसार १८७४ ते १८८९ या काळात मसलबरो येथे स्पर्धा सहा वेळा भरली.

परंतु गर्दी वाढत चालली होती. लोहमार्गामुळे एडिंबरोचे लोक सहज येऊ शकत. मैदान एक, मंडळे अनेक. अखेर १८९१ मध्ये कंपनीने पूर्वेकडे, गलन गावाजवळ, म्यूरफील्ड येथे स्वतःचे मैदान केले. त्याची पहिली आखणी टॉम मॉरिस या वृद्ध निष्णाताने केली. येथे प्रथमच क्लबाला भिंतीआड असलेली, सर्वस्वी आपली अशी भूमी मिळाली. लीथचे घोडे-कुत्रे नाहीत, मसलबरोचे शेजारी नाहीत. दुसऱ्याच वर्षी, १८९२ मध्ये, कंपनीने खुली स्पर्धाही आपल्याबरोबर नव्या जागी नेली. मसलबरोकरांना हे रुचले नाही. त्यांनी त्याच सुमारास मोठे बक्षीस ठेवून आपली प्रतिस्पर्धी चढाओढ भरविली, आणि त्यामुळे खुल्या स्पर्धेचीही बक्षिसे वाढवावी लागली.

क्लबांच्या चरित्रांतून हा तंटा किरकोळ म्हणून आटोपला जातो. वस्तुतः त्यात सर्व प्रश्न बीजरूपाने आलेला आहे. जी स्पर्धा एका गावाच्या खुल्या मैदानावर वाढली, ती क्लबाची मालमत्ता की त्या गावाचीही? कंपनीने उत्तर दिले ते कृतीने: स्पर्धा क्लबाबरोबर जाते. मसलबरोने उत्तर दिले तेही कृतीने: स्पर्धा मैदानाबरोबर राहते. इतिहासाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. पण तो कौल न्यायाचा होता की सामर्थ्याचा, हे चरित्रकाराने निदान विचारावयास हवे.

४

दुसरे गृहीत तपासण्यासाठी म्यूरफील्डच्या विजेत्यांची नामावळी नुसती मोजून भागत नाही, ती वाचावी लागते. १८९२ मध्ये प्रथमच बहात्तर खळ्यांवर झालेली स्पर्धा हॅरॉल्ड हिल्टन या हौशी खेळाडूने ३०५ फटक्यांत जिंकली. त्यानंतर येथे विजेता होणारे सारे धंदेवाईक खेळाडू आहेत. १८९६ चा विजेता हॅरी व्हार्डन हा जर्सी बेटावरील एका माळ्याचा मुलगा. १९०१ व १९०६ मध्ये जिंकणारा जेम्स ब्रेड हा मूळचा सुतारकाम करणारा. १९२९ मध्ये अमेरिकेचा वॉल्टर हेगन आला. त्या पिढीत धंदेवाईक खेळाडूंना क्लबगृहात प्रवेश नसे. १९२० मध्ये डील येथील खुल्या स्पर्धेच्या वेळी हेगनने मोटार भाड्याने घेऊन तिचाच वेशगृहासारखा उपयोग केला, तो याच कारणामुळे. पुढे १९४८ मध्ये राजे सहावे जॉर्ज यांच्या समक्ष हेन्री कॉटनने ६६ फटक्यांची फेरी खेळून स्पर्धा जिंकली. १९६६ मध्ये जॅक निक्लॉस जिंकला आणि त्याने ओहायोतील आपल्या मैदानाला म्यूरफील्डचेच नाव दिले. १९७२ मध्ये ली ट्रेव्हिनो, १९८० मध्ये टॉम वॉटसन, १९८७ व १९९२ मध्ये निक फाल्डो, २००२ मध्ये अर्नी एल्स आणि २०१३ मध्ये फिल मिकलसन असा हा क्रम आहे.

या यादीतून निघणारा अर्थ साधा आहे. म्यूरफील्डची कीर्ती ज्यांनी निर्माण केली, त्यांतील पहिल्या पिढ्यांचे बहुतेक जण त्या क्लबाचे सभासद होऊ शकले नसते. काही तर त्याच्या भोजनगृहातही बसू शकले नसते. क्लबाने स्पर्धेला मैदान दिले हे खरे. पण स्पर्धेने क्लबाला जे नाव दिले, ते क्लबाच्या कोणत्याही कप्तानाला देता आले नसते. तेव्हा येथे दाता कोण आणि याचक कोण, हे चरित्रकार समजतात तितके स्पष्ट नाही. दोन्ही पक्षांचे परस्परांवर ऋण आहे.

मैदानाच्या गुणवत्तेचे श्रेय मात्र क्लबाला निःसंकोचपणे दिले पाहिजे. १९२० नंतरच्या दशकात हॅरी कोल्टने केलेल्या पुनर्रचनेमुळे येथील पहिल्या नऊ खळ्यांचा मार्ग घड्याळाच्या काट्याच्या दिशेने बाहेरून जातो, तर उरलेल्या नऊंचा त्याच्या आतून, उलट दिशेने येतो. समुद्रकाठची पुष्कळ जुनी मैदाने सरळ एका दिशेने जाऊन परत येतात. तेथे वारा अर्धा वेळ पाठीशी आणि अर्धा वेळ समोर राहतो. म्यूरफील्डवर तो प्रत्येक एकदोन खळ्यांनंतर दिशा बदलल्यासारखा भासतो आणि खेळाडूला एकाच हिशेबावर विसंबता येत नाही. ही रचना टिकविण्यास लागणारे सातत्य, पैसा आणि शिस्त खासगी मालकीमुळे शक्य झाली, हे नाकारणे अन्यायाचे होईल. गायरानावर असे मैदान झाले नसते. कुंपणाने जे हिरावले त्याचा हिशेब मांडताना कुंपणाने जे राखले त्याचाही मांडावा लागतो.

५

वरील दोन गृहीतांची प्रत्यक्ष कसोटी २०१६ मध्ये लागली. तोवर हा क्लब केवळ पुरुषांचा होता. स्त्रिया पाहुण्या म्हणून तेथे खेळू शकत. सभासद होऊ शकत नसत. २०१३ च्या स्पर्धेस स्कॉटलंडचे प्रथममंत्री अ‍ॅलेक्स सॅमंड याच कारणास्तव गेले नाहीत. २०१४ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबाने स्त्रियांना प्रवेश देण्याचे ठरविले. मे २०१६ मध्ये ऑनरेबल कंपनीच्या सभासदांनी याच प्रश्नावर मतदान केले. बदलाच्या बाजूने ३९७ आणि विरुद्ध २१९ मते पडली. बहुमत स्पष्ट होते. परंतु घटनेनुसार दोन-तृतीयांश मते हवी होती, आणि प्रत्यक्षात ती सुमारे ६४ टक्केच भरली. ठराव फेटाळला गेला. खुल्या स्पर्धेची नियामक संस्था ‘आर अँड ए’ हिने त्याच दिवशी जाहीर केले की, स्त्रियांना सभासदत्व न देणाऱ्या क्लबाकडे ही स्पर्धा सोपविली जाणार नाही. मार्च २०१७ मध्ये पुन्हा मतदान झाले. या वेळी ४९८ विरुद्ध १२३ अशा मतांनी ठराव संमत झाला. २०१९ मध्ये पहिल्या बारा स्त्रियांना सभासदत्व मिळाले. २०२२ मध्ये स्त्रियांची खुली अजिंक्यपद स्पर्धा प्रथमच म्यूरफील्डवर भरली आणि दक्षिण आफ्रिकेच्या अ‍ॅशली बुहाई हिने बरोबरी सोडविण्यासाठी झालेल्या जादा खेळात ती जिंकली.

या प्रकरणाचे दोन सोपे अन्वयार्थ प्रचलित आहेत, आणि दोन्ही अपुरे आहेत. पहिला असा की, सुधारणेपुढे रूढीने मान तुकविली. दुसरा असा की, बाहेरच्या दडपणाने एका खासगी मंडळाचा हक्क हिरावला. विरोधी सभासदांचे म्हणणे येथे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. या क्लबात दोघादोघांच्या जोडीने, एकाच चेंडूवर, झपाट्याने खेळावयाची आणि मध्यंतरी एकत्र भोजन करावयाची प्रथा आहे. सभासदत्वाचा पाया बदलला तर ही प्रथा आणि तिच्यातील मोकळीक टिकणार नाही, अशी त्यांची भीती होती. आपली संगत आपण निवडण्याचा हक्क हा क्लब या संस्थेचा प्राण आहे, ही भूमिका हास्यास्पद नाही. ब्रिटनचा २०१० चा समता-कायदाही एकाच वर्गाच्या लोकांच्या खासगी संघटनांना मज्जाव करीत नाही.

नेमकी हीच गोष्ट मात्र विचारास चालना देणारी आहे. क्लबाला कायद्याने बदलण्यास भाग पाडले नाही. २०१६ चा नकार पूर्णपणे कायदेशीर होता, आणि क्लब तो आजतागायत कायम ठेवू शकला असता. त्याने गमावले असते ते फक्त ‘खुल्या’ या विशेषणाशी असलेले नाते. दहा महिन्यांत मतांचे प्रमाण चौसष्टावरून ऐंशी टक्क्यांवर गेले, ते सभासदांची संगतीविषयीची आवड बदलली म्हणून, की स्पर्धेची किंमत त्यांना कळली म्हणून, हे बाहेरून ठरविता येत नाही. पण एवढे निश्चित की, १८९२ मध्ये जी स्पर्धा कंपनी आपल्याबरोबर उचलून नेऊ शकली, ती २०१६ मध्ये तिच्या हाती राहिलेली नव्हती. १९२० मध्येच स्पर्धेचा कारभार सेंट अँड्र्यूजच्या क्लबाकडे एकवटला होता. मधल्या शतकात मालकीचे केंद्र हलले. क्लबाच्या आत्मचित्रात मात्र हा बदल उमटला नव्हता. २०१६ चा आघात म्हणजे या विसंगतीचा उलगडा होय. १७४४ च्या ठरावात नगराने काठी आपल्याच मालकीची ठेवली होती. पावणेतीनशे वर्षांनी दुसऱ्या एका सार्वजनिक संस्थेने, वेगळ्या शब्दांत, तेच सांगितले.

६

हा प्रश्न महाराष्ट्राच्या अभ्यासकाला सर्वस्वी परका नाही. मुंबईच्या मैदानावर १८८० च्या आसपास पारशी व हिंदू क्रिकेटपटूंनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले, ते युरोपीय जिमखान्याच्या सभासदांनी पोलो खेळून सार्वजनिक भूमी खराब केल्याबद्दल. पुढे १९३३ च्या डिसेंबरात भारतीय भूमीवरील पहिला कसोटी सामना भरला, तोही त्याच बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर. तेथील वसाहतीचा संदर्भ निराळा, वंशभेदाचे दुःख निराळे. म्यूरफील्डशी त्याची बरोबरी करणे बरोबर होणार नाही. पण रचना ओळखीची आहे: सार्वजनिक भूमी, तिच्यावर वाढलेले खासगी मंडळ, आणि त्या मंडळाच्या अंगणात भरलेला सर्वांचा सामना. जिमखान्यांचा इतिहास केवळ त्यांच्या इतिवृत्तांवरून लिहावयाचा झाला, तर अर्ज करणाऱ्यांचा आवाज त्यात येणार नाही. तो आपल्यापर्यंत आला, तो शापूरजी सोराबजी यांच्यासारख्यांनी पारशी क्रिकेटचा वृत्तांत १८९७ मध्ये स्वतंत्रपणे ग्रथित केला म्हणून.

यावरून क्लबांच्या इतिहासलेखनाविषयी काही निष्कर्ष काढता येतात. इतिवृत्ते हे आवश्यक साधन आहे, पण ते आतल्यांचे साधन आहे. नगरसभेचे ठराव, शेजारच्या मंडळांची दप्तरे, स्पर्धकांची चरित्रे आणि भूमीच्या मालकीचे कागद यांनी त्याची पूर्तता झाली पाहिजे. परंपरेचा हवाला देणाऱ्याने ती कोणत्या वर्षापासूनची, हे सांगितले पाहिजे. १७४४ ची परंपरा आणि १७६४ ची परंपरा या दोन भिन्न परंपरा आहेत, आणि त्यांपैकी कोणती निवडली यावर पुढचा सारा युक्तिवाद अवलंबून राहतो. विजेत्यांची नामावळी ही परिशिष्टात टाकण्याची गोष्ट नसून क्लब व समाज यांच्या देवघेवीचा तो मुख्य पुरावा आहे.

२०१३ नंतर २०२५ अखेरपर्यंत पुरुषांची खुली स्पर्धा म्यूरफील्डवर पुन्हा भरलेली नाही. ती जेव्हा भरेल, तेव्हा क्लबाच्या चरित्राची नवी आवृत्ती निघेल आणि त्यात २०१६ व २०१७ या दोन वर्षांना काही पाने द्यावी लागतील. ती पाने जुन्या घाटातच, क्षणिक वादळ म्हणून लिहिली जातात, की लीथच्या गायरानापासूनची सलग कथा त्यांतून वाचली जाते, यावरून या ग्रंथप्रकाराची प्रौढता ठरेल.